टाके घालणारीबद्दल कुणीच बोललं नाही

पत्र

ताई,

मी ६१ वर्षांची आहे. सरकारी रुग्णालयात ३४ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली २२ वर्षं सर्जिकल वॉर्डात गेली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाची मुलगी बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज आमच्या गावात, म्हणून ती माझ्याकडेच राहते. सुट्टीत तिने मला 'गेम ऑफ थ्रोन्स' ही इंग्रजी मालिका दाखवायला घेतली. तिची आधी दोनदा बघून झालेली. रोज रात्री जेवणं आटोपली की दोन भाग. तिच्या दोघी मैत्रिणीही यायच्या.

मला त्यातली आर्या, सरदार घराण्यातली तलवार चालवणारी मुलगी, फार आवडली. पण सहाव्या सीझनमध्ये पुलावर तिच्या पोटात सुरी खुपसून फिरवतात, ती कालव्यात पडते, आणि पुढच्याच भागात गल्ल्यांतून, जिन्यांवरून पळत सुटते. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "आमच्या वॉर्डात असा पेशंट तिसऱ्या दिवशी कुशीवर वळला तरी आम्ही त्याला शाबासकी द्यायचो." मुली गप्प झाल्या. त्यांच्यातही दोन तट आहेत. एक मैत्रीण म्हणते, हे सगळं प्लॉट आर्मर, म्हणजे गोष्टीला हवी म्हणून तिला मरू देत नाहीत, ती तिथेच मरायला हवी होती. भाचीला ते अजिबात खपत नाही.

शेवटच्या सीझनमध्ये राजधानीचं शहर जळतं. भिंती कोसळतायत, माणसं तुडवली जातायत, आणि ही पुन्हा उठते, पुन्हा पडते, पुन्हा उठते. मी म्हटलं, "हिला काही होत नाही, मी चहा ठेवते." भाची ताडकन म्हणाली, "आत्या, तुला ती मरायलाच हवी होती ना?"

तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. मी माणसं जगावीत म्हणून आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या आणि मला हे ऐकावं लागलं. पण एक खरं सांगते. ती पोरगी वाचली याचा मला आनंद झाला नाही. का झाला नाही, ते कळत नाही. माझं मन निबर झालंय का? भाचीला सॉरी म्हणू का, आणि म्हणायचं तर कशाबद्दल?

— एक निवृत्त सिस्टर, मिरज

उत्तर

सिस्टर,

तुम्हाला सिस्टरच म्हणते. माझ्या घरात या शब्दाला फार मान आहे. का, ते पुढे सांगेन.

तुमचं मन निबर झालेलं नाही. निबर मनाचा माणूस, सुरी पोटात शिरली की कुठल्या दिवशी काय होतं, ते निवृत्तीनंतर आठवत बसत नाही. तुम्ही त्या मुलीकडे बघताना तिचं पोट डोळ्यांपुढे ठेवलंत. बाकी सगळे गोष्ट बघत होते आणि तुम्ही पेशंट बघत होतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडतं. पण त्याआधी मालिकेचं बोलू, कारण भाचीशी बोलताना ते तुमच्या हाताशी असलेलं बरं.

तो पुलावरचा भाग अमेरिकेत ५ जून २०१६ ला लागला आणि त्याचा पुढचा भाग १२ जूनला. मधला आठवडा मला लख्ख आठवतो. मी तेव्हा ही मालिका आठवड्याला एक भाग अशी बघत होते आणि त्या सात दिवसांत आम्ही दुसऱ्या कशाबद्दल बोललोच नाही. आर्या कशी वाचणार? की वाचणारच नाही? लोकांनी काय काय लढवलं होतं! कुणी म्हणालं, ती आर्या नव्हतीच, ती ज्या चेहरे बदलणाऱ्या मारेकऱ्यांच्या पंथात शिकत होती त्यातल्या जाकेन हगारने तिचा चेहरा चढवला होता. नाहीतर एरवी इतकी सावध असणारी मुलगी 'नीडल' तलवार न घेता, पैशांची थैली उधळत, भर उन्हात पुलावर कशाला रेंगाळेल? कुणी म्हणालं, त्या शहरातल्या नाटक मंडळींकडून डुकराच्या रक्ताची पिशवी आणून तिने पोटाला बांधली असणार. कुणी तर तिला भोसकणारी, त्याच पंथातली वेफ खरी नाहीच, आर्याच्या मनातली आहे, असंही मांडलं. माणसं तोच प्रसंग पुन्हापुन्हा बघत होती, कुठला हात, कुठली चाल, रक्त कुठून येतंय, हे तपासत होती.

मग १२ जून उजाडला आणि यातलं काहीच खरं निघालं नाही. ती खरीच आर्या होती, वार खरे होते, रक्त तिचंच होतं. लेडी क्रेन नावाच्या नटीने तिला आसरा दिला, टाके घातले, अफूचं दूध पाजून झोपवलं, आणि ती उठून पळाली. तुम्हाला जे हसू आलं ना, त्या दिवशी जगभर असंख्य लोकांना तसंच वाटलं. काहींना हसू आलं, काहींना राग आला. त्यातल्या फार कुणी वॉर्डात पाऊल टाकलेलं नव्हतं.

म्हणजे हा प्रश्न वैद्यकीय ज्ञानाचा नाही. भाची किंवा तिची मैत्रीण कधी ना कधी म्हणेल, "आत्या, ड्रॅगन चालतात, मेलेली माणसं चालतात, मग टाक्यांवरच का अडतेस?" हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. त्याला उत्तर आहे, आणि ते मालिकेतच आहे. पहिला सीझन आठवा. राजा रॉबर्टचं पोट रानडुकराने फाडलं. एवढा धिप्पाड माणूस, सगळ्या राज्याचे वैद्य हाताशी, तरी तो गेला. खाल ड्रोगो हा घोडेस्वार टोळीचा सरदार तर छातीवरच्या एका कापाने गेला. जखम चिघळली, ताप चढला आणि जो कधी लढाई हरला नव्हता तो घोड्यावरून खाली पडला. ड्रॅगन असतात हे आपण गोष्टीच्या दारातच कबूल केलेलं असतं. पण पोटाची जखम माणूस मारते, हे या गोष्टीने आपल्याला स्वतः शिकवलं. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांत मेलेली माणसं उठून बसतात, पण वसा पाळला तरच. घेतला वसा टाकला की राजाचंही राज्य जातं. या मालिकेने जखमेचा वसा घेतला होता. पुलावरच्या प्रसंगात तो टाकला, आणि म्हणून तुम्हाला खटकलं. तुमचं खटकणं बरोबर होतं.

एक तारीख सांगते, भाचीलाही सांगा, तिला आवडेल. आर्याच्या वडिलांचं, नेड स्टार्कचं डोकं उडवलं गेलं तो भाग लागला १२ जून २०११ ला. ती पोर पुतळ्याच्या पायाशी उभी होती, गर्दीतून धावली, आणि योरेन नावाच्या ओळखीच्या माणसाने तिला धरून तिचं तोंड दुसरीकडे वळवलं. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना धडा मिळाला, की इथे कुणीही वाचेल असं धरून चालायचं नाही. त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला, तीच मुलगी फाटलेल्या पोटाने गल्ल्यांतून पळाली.

आता भाचीची बाजू. ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

मेसी विल्यम्स ही नटी मालिका सुरू झाली तेव्हा नुकती १४ वर्षांची झाली होती आणि संपली तेव्हा २२ वर्षांची होती. पुस्तकातली आर्या डावखुरी म्हणून ही उजव्या हाताची मुलगी डाव्या हाताने तलवार चालवायला शिकली. तिच्याबरोबर जगभरच्या मुली मोठ्या झाल्या. आणि त्यांनी त्या मालिकेत इतर मुलींचं काय होताना पाहिलं, ते आठवा. शिरीन या लहान मुलीला सख्ख्या बापाने जाळलं. आर्याची बहीण सान्सा, तिचं लग्नाच्या रात्री काय झालं. आर्याची भावजय तालिसा, तिला तर पोटातच भोसकलं, पोटात मूल असताना, आणि तिथे कुणी लेडी क्रेन आली नाही. या सगळ्यांतून एक मुलगी हातात बारीकशी तलवार घेऊन, मृत्यूला "आज नाही" म्हणत पुढे जात राहते. हे शब्द तिला तलवार शिकवणाऱ्या सिरियोने शिकवले आणि तिने ते आठ सीझन जपले. तुमची भाची १९-२० वर्षांची असणार. तिच्या दृष्टीने आर्या वाचते, हे लेखकाच्या हिशेबातलं यश किंवा चूक नाहीच. तिला दिसतं ते इतकंच, की एवढ्या मुलींपैकी एक तरी सुटली.

आणि नेमकं आर्याच्या जिवावर बेतलेलं असताना तुम्ही म्हणालात, "मी चहा ठेवते."

सिस्टर, सॉरी म्हणायचं ते याबद्दल. तुमच्या मताबद्दल नाही, त्या वाक्याबद्दल आणि त्या हसण्याबद्दल. वॉर्डात नातेवाईक रडत असताना तुम्ही कधी घड्याळाकडे बघितलं नसेल. इथे भाची त्या नातेवाईकाच्या जागी आहे हे तुमच्या लक्षात आलं नाही, इतकंच झालं. पण झालं हे खरं.

आता तुमचा खरा प्रश्न, ती वाचली याचा आनंद का झाला नाही. मी दोन दिवस त्यावर विचार केला आणि काल रात्री ते दोन्ही भाग लागोपाठ पुन्हा बघितले. त्यात मला असं काही दिसलं, की इतक्या वर्षांत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

ज्या भागात आर्याला भोसकलं, तो भाग सुरू कशाने होतो? हाउंड जिवंत असल्याच्या दृश्याने. तोच सँडर क्लेगेन, आर्याबरोबर हिंडलेला दांडगा योद्धा. त्याला आर्याने डोंगरात मोडलेल्या पायाने, चिघळलेल्या मानेने मरायला सोडलं होतं आणि त्याचे पैसे घेऊन ती निघून गेली होती. ते घडलं १५ जून २०१४ च्या भागात. मध्ये एक अख्खा सीझन तो दिसलाच नाही. जवळजवळ दोन वर्षांनी तो दिसतो, लाकडं फोडताना. आणि त्याला ज्याने उचलून आणलं तो ब्रदर रे त्याला सांगतो, की मी तुला मेलेला समजून पुरायलाच निघालो होतो, तू खोकलास म्हणून कळलं. गाडीत घातलं तेव्हाही वाटलं नव्हतं की तू जगशील.

हाउंड वाचला यावर कुणी हसलं नाही. तुम्हीही हसला नसणार. का? कारण तिथे कुणीतरी त्याला उचललं, गाडीत घातलं, त्याच्या उशाशी बसलं, आणि मध्ये वेळ गेला. हा वेळ पडद्यावर दाखवला नाही, तरी तो गेलाय हे आपल्याला पटतं, कारण मध्ये अख्खा सीझन गेलेला असतो.

आर्याच्या वाट्याला तो वेळ दिलाच नाही. एक झोप आणि लगेच पळापळ. जखम दाखवली, पळणं दाखवलं, मधलं सगळं काढून टाकलं. आणि ते मधलं म्हणजे काय, सिस्टर? ते मधलं म्हणजे तुमची ३४ वर्षं आहेत.

माझा धाकटा भाऊ १३ वर्षांचा असताना त्याचं अपेंडिक्स फुटलं. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस पोटदुखीच्या गोळ्या दिल्या होत्या. सरकारी रुग्णालयात नेलं तेव्हा त्याचं पोट लाकडासारखं कडक झालं होतं. रात्री ऑपरेशन झालं. त्यानंतरचे दिवस मी आईबरोबर वॉर्डात काढले. नाकात नळी, कुशीत ड्रेनची नळी, हाताला सलाइन, तोंडात पाण्याचा थेंब नाही. ओठ सुकले की ओला कापूस फिरवायचा. रोज सकाळी एक सिस्टर यायच्या. त्याच्या पोटावर तळवा ठेवायच्या, अगदी हलका, जणू ते पोट झोपलंय आणि उठवायचं नाही. आणि विचारायच्या, "बाळा, गॅस पास झाला का?" तो लाजायचा. आईचा जीव त्या एका प्रश्नात अडकलेला. पाचव्या दिवशी तो हळूच म्हणाला, "झाला." सिस्टर हसल्या. आईने वॉर्डातच हात जोडले, जेजुरीच्या दिशेने की सिस्टरांच्या दिशेने ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मग त्यांनी चमच्याने त्याला दोन चमचे पाणी पाजलं. दोनच. तो अजून मागत होता आणि त्या म्हणाल्या, "दुपारी." त्यांचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. आमच्या घरात आजही त्या 'सिस्टर' म्हणूनच आहेत.

माझा भाऊ वाचला त्याचा आनंद आम्हाला झाला तो त्या दोन चमचे पाण्यात झाला. ते पाच दिवस कुणी कापून काढले असते, ऑपरेशन टेबलावरून थेट मैदानात क्रिकेट खेळताना दाखवला असता, तर तो आनंद राहिलाच नसता. जिवावरचं टळलं हे कळायला आधी जिवाची धाकधूक सोसावी लागते. तुम्हाला आनंद झाला नाही, कारण तुमच्या हातून ती धाकधूक कुणी काढून घेतली. तुम्हाला तिचं मरण नको होतं. तिला बरं होताना बघायचं होतं.

आणि आता लेडी क्रेन. तिच्याबद्दल मला राग येतो, तो अजून गेलेला नाही.

आर्याला ज्या माणसाला मारायला पाठवलं होतं ती हीच बाई. आर्याने ऐन वेळी तिच्या हातातला विषाचा प्याला उडवला, तिचा जीव वाचवला. मग रक्ताने माखलेली आर्या तिला नाटकाच्या पडद्यामागे लपलेली सापडली तेव्हा तिने तिला आपल्या घरी नेलं. टाके कुठे शिकलीस, असं आर्या विचारते तेव्हा ती सांगते, की तरुणपणी मी भारी मत्सरी होते, वाईट पुरुषांच्या नादी लागायचे, चिडून त्यांना भोसकायचे आणि मग वाईट वाटून शिवून काढायचे. आर्याने आपल्याबरोबर नाटक मंडळीत यावं असंही ती म्हणते. आणि त्यानंतर? ती स्टुलावर चढून वरच्या फळीवरून आर्यासाठीच औषध काढत असते आणि वेफ तिला मारते. आर्या उठते, तिला मेलेली बघते, आणि पळते.

२०१६ च्या त्या आठवड्यातला आणि नंतरचा माझा सगळा वाद मी आठवून बघितला. आर्या वाचायला हवी होती की नको, यावर मी किती बोलले असेन! टाके घालणारीबद्दल एक शब्द बोलल्याचं आठवत नाही. ब्रदर रेचंही तेच. ज्याने हाउंडला जगवलं, त्याला त्याच भागाच्या शेवटी फासावर लटकवलेला आहे. लागोपाठच्या दोन भागांत दोघांचे जीव वाचले आणि दोघांचीही शुश्रूषा करणारे मारले गेले. आणि आम्ही वाद घालत बसलो तो जगलेल्यांचाच.

नीट बघितलं तर आर्याच्या जगण्याची किंमत पहिल्यापासून दुसऱ्या कुणीतरी भरली आहे. सिरियो लाकडी तलवार घेऊन चिलखतवाल्यांपुढे उभा राहिला. योरेनने तिचे केस कापून तिला मुलगा केलं आणि पुढे शिपायांशी लढताना गेला. 'रेड वेडिंग' म्हणतात त्या लग्नातल्या कत्तलीच्या दाराशी हाउंडने तिला बेशुद्ध करून उचलून नेलं, नाहीतर ती आत धावली असती. मेलेल्यांचा राजा नाइट किंग चालून आला त्या रात्री बेरिक या योद्ध्याने वाट अडवून धरली आणि त्या जखमांनी गेला. जळत्या शहरात हाउंडनेच तिला परत फिरवलं, आणि ती त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारून "थँक यू" म्हणाली. ज्याला 'प्लॉट आर्मर' म्हणतात, ते चिलखत ही सगळी माणसं आहेत. भाचीच्या मैत्रिणीला हे जरूर ऐकवा. तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण त्या चिलखतातली माणसं तिला दिसत नाहीत.

त्या मैत्रिणीसाठी आणखी एक. मूळ कादंबऱ्या लिहिणाऱ्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी १९९३ मध्ये आपल्या एजंटला पत्र लिहून सगळी योजना कळवली होती. ते पत्र २०१५ मध्ये बाहेर आलं. त्यात ते म्हणतात, की पाच मुख्य पात्रं शेवटपर्यंत टिकतील, आणि त्या पाचांत आर्या आहे. तेव्हा एकही पुस्तक छापलेलं नव्हतं. म्हणजे आर्या जगणार की नाही, हा प्रश्न लेखकाच्या लेखी तेव्हाच मिटला होता. उरतो तो कशी जगणार, हा प्रश्न. पुलावरचा प्रसंग तर छापलेल्या पाचही पुस्तकांत नाही. मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली होती आणि माझं स्पष्ट मत आहे की तिथून पुढे घाई झाली.

पण मालिकेवर अन्यायही करायला नको. शेवटच्या सीझनच्या दुसऱ्या भागात, लढाईच्या आदल्या रात्री, आर्याच्या पोटावरचे व्रण दाखवले आहेत. तिचा मित्र गेंड्री ते बघतो. तुम्ही तेव्हा बहुतेक मान वळवली असेल, मैत्रिणी शेजारी होत्या आणि प्रसंग नाजूक होता. पुन्हा बघा. बरी भरलेली जखम आहे की नाही, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. कुणीतरी लक्षात ठेवलं होतं, एवढं खरं. आणि नाइट किंगला मारताना ती खंजीर एका हातातून सोडून दुसऱ्या हातात झेलते, तो डाव तिने आदल्या सीझनमध्ये ब्रियान या स्त्री योद्ध्याशी सराव करताना दाखवलेला आहे. तिथे हिशेब चोख आहे. त्या वेळी तुम्ही टाळी वाजवली असेल तर भाचीला तेही सांगा, तिला फक्त तुमचं हसू आठवतंय.

तर आता काय करायचं. मोठं बोलणं करू नका, समोर बसवून "आपण बोलूया" म्हणू नका, त्या वयात ते छळासारखं वाटतं. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणा, "त्या दिवशी मी चहाचं बोलले ते चुकलंच माझं. तुझा जीव तिथे अडकलेला होता, मला कळायला हवं होतं." एवढंच. तिने "असू दे" म्हटलं तर असू द्या. आणि "मरायलाच हवी होती" या तिच्या वाक्याबद्दल तिच्याकडून माफीची वाट बघू नका. ते तिने रागात म्हटलं, आणि तुम्हाला ते जिथे लागलं ती जागा तिला माहीतच नाही. तुम्ही तिला ती कधी दाखवली आहे का? तुमच्या पत्रात वॉर्डाचा उल्लेख येतो तो फक्त चुका काढताना. तिला एखाद्या पेशंटची गोष्ट सांगा, नाव न घेता. पोटात भोसकलेला कुणी आला असेल, वाचला असेल, किती दिवस लागले, पहिल्यांदा कधी उठून बसला, तुम्ही त्याच्यासाठी काय केलंत. न वाचलेल्याचीही सांगितलीत तरी चालेल, ती लहान नाही.

एक धागा तर तुमच्या दोघींत तयारच आहे. ती औषधं शिकते, तुम्ही ती आयुष्यभर टोचलीत. लेडी क्रेन पाजते ते अफूचं दूध आणि तुमच्या वॉर्डातल्या कुलपातलं मॉर्फिन एकाच झाडाचं. तिला विचारा, अशा पेशंटला त्या काळात किती दिलं असतं तर झोप लागली असती आणि श्वास राहिला असता. ती पुस्तक काढून बसेल बघा.

मग एखाद्या रविवारी ते दोन भाग, सहाव्या सीझनचा सातवा आणि आठवा, मैत्रिणींसकट लागोपाठ लावा. भाचीला आधी सांगून ठेवा, की या वेळी आर्याकडे नको, लेडी क्रेन आणि ब्रदर रेकडे बघूया. जिथे पटणार नाही तिथे बोला, तुमचं ज्ञान गिळून बसू नका. पण भाग थांबवून बोला आणि मुलींनाही बोलू द्या. आर्या जिन्यावरून गडगडत जाते तिथे हसू आलंच तर येऊ द्या, कदाचित या वेळी त्याही हसतील.

चहाचं आधीच आवरून घ्या. थर्मासमध्ये भरून तिथेच आणून ठेवा, म्हणजे मधे उठायला नको.